लोहाऱ्यातला क्लास

बरेच दिवस झाले इथे काही लिहून. मधे पाऊस, मग घरातली दोन लग्नं, मग निव्वळ आळस. पण गेल्या आठवड्यात कपाट आवरताना एक वही सापडली आणि ती हातात घेऊन मी तासभर जमिनीवरच बसून राहिलो. बायको दोनदा हाक मारून गेली. तिसऱ्यांदा येऊन तिनेही वही बघितली आणि काही न बोलता स्वयंपाकघरात निघून गेली.

वही साधीच. शंभर पानी, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली. पहिल्या पानावर माझ्या अक्षरात "रिचार्ज फंड, जून २०२०" आणि खाली एकेका घराचं नाव, पुढे रविवारांचे रकाने. घरटी दहा रुपये. कोणी दिले, कोणाचे राहिले. एकदोन ठिकाणी पैशांऐवजी "तूर, एक पायली" असंही लिहिलेलं आहे. वहीच्या दुसऱ्या बाजूने, म्हणजे उलटी करून, मुलांची हजेरी.

त्याच संध्याकाळी पुण्याच्या भाचीचा फोन आला. तिला वहीबद्दल सांगितलं तर म्हणाली, "मामा, म्हणजे आपल्या चर्चमधलं ऑनलाइन शिकणं कोविडपासूनच सुरू झालं ना?" मी हो म्हणणारच होतो. पण जीभ अडखळली. ऑनलाइन हा शब्द तेव्हाचा, हे खरं. पण लांबून शिकणं, दर आठवड्याला थोडे थोडे पैसे टाकून शिकणं, दहाबारा जणांनी एकत्र बसून शिकणं, हे आमच्याकडे फार जुनं आहे. तिला म्हटलं, लिहून काढतो. तर हे ते लिखाण. नातेवाईकांनी चुका दुरुस्त कराव्यात, नेहमीप्रमाणे. :)

ज्यांनी लोहारा बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यवतमाळ शहराला अगदी चिकटून असलेलं हे गाव. लोकांना ते माहीत असतं एमआयडीसीमुळे, तिथल्या डेनिमच्या मोठ्या कारखान्यामुळे. आजूबाजूला कापूस आणि तूर, मधे कारखान्यांचे पत्रे, आणि त्या दोन्हीत कामाला जाणारी माणसं. आमची मंडळी लहान. मेथडिस्ट परंपरेतली, पंचवीसेक घरं, त्यातली निम्मी भाड्याने राहणारी. प्रार्थनेची जागा म्हणजे एक लांबट खोली, पुढे पडवी, आणि अंगणात एक कडुनिंब. या कडुनिंबाचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

आता इतिहास. मेथडिस्ट म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी पद्धतशीर, काटेकोर. खरं म्हणजे ते नाव चेष्टेनंच पडलं होतं. जॉन वेस्ली आणि त्याचे ऑक्सफर्डमधले सोबती ठरावीक वेळी प्रार्थना, ठरावीक वेळी तुरुंगातल्या कैद्यांना भेटी असं सगळं पद्धतीनं करायचे, म्हणून बाकीच्या पोरांनी त्यांना हे नाव दिलं. पण मला स्वतःला या सगळ्या कहाणीत वेस्लीच्या प्रवचनांपेक्षा एका कर्जाची गोष्ट जास्त आवडते.

झालं असं. १७३९ साली ब्रिस्टल शहरात या लोकांनी सभेसाठी एक इमारत बांधायला घेतली. तिला ते नुसतं 'नवी खोली' म्हणत, आणि आजही ती त्याच नावाने उभी आहे. बांधकामाचं कर्ज डोक्यावर बसलं. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी ते फेडायचं कसं यावर बैठक झाली. तिथे फॉय नावाच्या एका कप्तानानं सुचवलं की प्रत्येक सभासदानं आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, पण बरेच जण इतके गरीब आहेत की त्यांना तेवढंही परवडणार नाही. त्यावर फॉय म्हणाला, त्यातले अकरा गरीब माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ते देतील ते घेईन, आणि कमी पडेल ते स्वतः भरीन. बाकीच्यांनीही तसंच करायचं ठरवलं. प्रत्येकाकडे अकरा जण, बारावा तो स्वतः. या बाराच्या गटाला नाव पडलं 'क्लास'.

गंमत पुढेच आहे. पैसे गोळा करायला दारोदार जाणाऱ्या या लोकांना एक वेगळीच गोष्ट कळायला लागली. कोणाच्या घरी भांडणं चालली आहेत, कोण पिऊन पडलेला असतो, कोणाचं पोर आजारी आहे. पेनीच्या निमित्तानं घर दिसायला लागलं. वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. कर्ज राहिलं बाजूला, आणि क्लास ही मेथडिस्टांची मुख्य गोष्ट होऊन बसली. नंतर दारोदार फिरायला वेळ फार जातो म्हणून सगळ्यांनी आठवड्यातून एकदा एका जागी जमायची पद्धत पडली. सोय झाली. पण दारापर्यंत जाणं त्यात कमी झालं ते झालंच.

हा मुद्दा लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता.

महाराष्ट्रात हा क्लास आला तो मुंबईमार्गे. १८७१च्या अखेरीस विल्यम टेलर नावाचा अमेरिकन उपदेशक मुंबईत आला. देवळाची इमारत नाही, पैसा नाही, तर त्यानं लोकांच्या घरांतच लहान लहान गट पाडले, आणि त्यातून १८७२ साली मुंबईची पहिली मेथडिस्ट मंडळी उभी राहिली. जॉर्ज बोवेन, जो १८४८ पासून मुंबईत फकिरासारखा राहत होता आणि 'बॉम्बे गार्डियन' चालवत होता, तोही त्यांना जाऊन मिळाला. हे मुंबईचं. आमच्या वऱ्हाडाची वाट वेगळी.

अमेरिकेतल्याच मेथडिस्टांमधून १८६० साली एक गट बाहेर पडला होता, तो 'फ्री मेथडिस्ट'. बी. टी. रॉबर्ट्स हा त्यांचा पुढारी. यातला 'फ्री' कशावरून? लहानपणी मला वाटायचं फुकट. आणि ते अगदीच चूक नाही! तेव्हा तिकडच्या चर्चमध्ये बसायचे बाक भाड्यानं मिळत. ज्याच्याकडे पैसा तो पुढे बसणार, गरीब मागे उभा. या लोकांचं म्हणणं, देवाच्या घरात बाक मोकळे असले पाहिजेत. शिवाय गुलामगिरीला त्यांचा कडवा विरोध, म्हणून माणूसही मोकळा असला पाहिजे. नावाचा अर्थ तो.

या परंपरेतलं अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे नवराबायको १८८१च्या जानेवारीत मुंबईला उतरले. दोघं तरुण, लग्नाला फार दिवस झालेले नाहीत, आणि पाठीशी पगार देणारी मोठी संस्था नाही. आधी बऱ्हाणपूर, मग वऱ्हाड आणि मध्य प्रांतात त्यांचं फिरणं सुरू झालं. पुढे १८९०च्या दशकात फ्री मेथडिस्टांचं काम यवतमाळला स्थिरावलं. तेव्हा जिल्ह्याचं नाव यवतमाळ नव्हतं बरं का, वणी जिल्हा म्हणत, कचेऱ्या मात्र यवतमाळला. मग वणी, दारव्हा, उमरी अशी ठाणी झाली. उमरीला दवाखाना झाला, ज्याची आठवण आजही त्या भागातली म्हातारी माणसं काढतात.

अर्नेस्ट वॉर्डचं नाव मराठी साहित्यात एका कोपऱ्यात येऊन गेलं आहे, हे किती जणांना माहीत असेल कोण जाणे. १८९३च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीनं चालले होते. डब्यात एक गोरा माणूस बसलेला. त्यानं टिळकांना जागा करून दिली. गप्पा निघाल्या त्या संस्कृत काव्यावरून. उतरताना त्यानं नव्या कराराची प्रत टिळकांच्या हातात ठेवली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो गाडीतला माणूस अर्नेस्ट वॉर्ड होता असं सांगितलं जातं. त्यानंतर लक्ष्मीबाईंवर काय गुदरलं ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगायला नको. मला या प्रसंगात एक गोष्ट नेहमी जाणवते. डब्यातल्या त्या एका भेटीचा एवढा गाजावाजा होतो, पण लक्ष्मीबाई ज्या धरसोडीनं, नवऱ्याच्या लहरीप्रमाणे, लिहायवाचायला शिकल्या, ते शिकणं मला जास्त मोठं वाटतं. त्याला आगगाडीइतका वेग नव्हता, एवढंच.

माझी आजी तशीच शिकली. दारव्ह्याकडची. तिच्या लहानपणी गावात बायबल बाई यायच्या. हा शब्द आता मागे पडला. मिशनकडून शिकलेल्या, बहुतेक विधवा किंवा एकट्या बायका, पांढरं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत पुस्तकं आणि औषधाच्या दोनचार बाटल्या. आठवड्यातून एकदा यायच्या. पुढचे सहा दिवस आजीनं पाटीवर तेच तेच अक्षर गिरवायचं. बाई आल्या की तपासायच्या आणि नवं देऊन जायच्या. "मंगळवारी बाई याच्या, त सोमवारी रातच्याले मी चिमणीपाशी बसून सारं करून टाकू," असं आजी सांगायची. म्हणजे गृहपाठ आदल्या रात्री करण्याची आमच्या घराण्याची परंपरा तिथपासूनची आहे.

आजीला वाचता उत्तम यायचं, लिहायला मात्र शेवटपर्यंत जमलं नाही. सही करायची आणि तीही लांबून चित्र काढल्यासारखी. मी एकदा विचारलं, लिहायला का नाही शिकलीस? म्हणाली, दुष्काळी साल आलं आणि बाईंचं येणं बंद झालं. बस. आठवड्यातून एकदा येणारं माणूस यायचं थांबलं की शिकणं तिथेच थांबतं, अर्ध्या वाक्यात.

आजोबा यवतमाळच्या सेमिनरीत माळी होते. यवतमाळबाहेरच्या वाचकांना याची कल्पना नसेल म्हणून सांगतो. फ्री मेथडिस्टांची इथे आधीपासून एक बायबल शाळा होती. १९५१ साली इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया स्थापन झाली आणि वेगवेगळ्या मिशनांनी मिळून एक उच्च शिक्षणाची संस्था काढावी असं ठरत गेलं. ती कुठे निघाली? मुंबईला नाही, मद्रासला नाही, आमच्या यवतमाळला! १९५३ साली. युनियन बिब्लिकल सेमिनरी. फ्रँक क्लाइन हे तिचे पहिले प्राचार्य. मुख्य रेल्वेलाइनवर यवतमाळ नाही. धामणगावला उतरायचं आणि तिथून मोटारीनं यायचं, नाहीतर मूर्तिजापूरहून आमची शकुंतला पकडायची, जिच्यातून म्हणे माणूस उतरून लघवीला जाऊन परत चढू शकत असे. अशा गावात केरळची, नागालँडची, मिझोरमची पोरं ग्रीक आणि हिब्रू शिकायला यायची.

मी लहानपणी आजोबांबरोबर त्या आवारात जायचो. शिकवणं इंग्रजीत, मैदानावरची भांडणं पाच भाषांत. नागा मुलं गिटार वाजवायची आणि आजोबा गुलाबाला पाणी घालता घालता मान हलवायचे. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. लायब्ररीच्या खिडकीशी मी उभा राहायचो तर एक मल्याळी विद्यार्थी मला आत बोलावून चित्रांचं पुस्तक द्यायचा. माझी इंग्रजीशी ओळख शाळेत नाही, तिथे झाली.

१९८३ साली सेमिनरी पुण्याला गेली. बिबवेवाडीला. यवतमाळ आडबाजूला पडतं, मोठ्या शहरात सोयी असतात, हे सगळं समजतं. त्याच आवारात पुढे यवतमाळ कॉलेज फॉर लीडरशिप ट्रेनिंग सुरू झालं, तेव्हा जागा ओसाड पडली असं म्हणता येणार नाही. पण आमच्या घरात तो विषय पुढची दहा वर्षं निघाला की भांडण ठरलेलं. काका म्हणायचे बरं झालं, इथे राहून काय मातीच खाल्ली असती. वडील गप्प बसायचे. आजोबा एवढंच म्हणाले, "झाडं नेली नाहीत." मी एकोणीस वर्षांचा होतो, मला ते फार भावुक वाटलं होतं. (पुण्याच्या भावंडांनो, रागावू नका. तुम्ही लोक तिकडे गेलात ते त्याच वाटेनं, हे मला ठाऊक आहे.)

वडिलांचं गप्प बसणं मात्र मला उशिरा कळलं. त्यांना सेमिनरीत शिकायचं होतं. घरची जबाबदारी, इंग्रजी कच्चं, जमलं नाही. मग ते टपालानं शिकले. खाकी पाकिटातून धडे यायचे, मागे प्रश्न, उत्तरं लिहून परत पाठवायची, तीन आठवड्यांनी लाल शाईत गुण येऊन पोचायचे. कधी कधी बाजूला एक ओळ असायची, "अक्षर सुंदर आहे." ती पाकिटं वडिलांनी मरेपर्यंत जपली.

त्याच सुमाराला जगात या प्रकाराचा विचार मोठ्या प्रमाणावर चालू झाला होता. १९६३ साली ग्वाटेमालातल्या एका प्रेस्बिटेरियन सेमिनरीच्या लक्षात आलं की शिकायला शहरात आलेले तरुण परत खेड्यात जात नाहीत, आणि खेड्यात जे खरे पुढारी आहेत ते शेती आणि संसार सोडून शहरात येऊ शकत नाहीत. मग त्यांनी उलटं केलं. विद्यार्थ्यानं घरीच राहून पुस्तकावरून शिकायचं आणि शिक्षकानं आठवड्यातून एकदा त्याच्याकडे जायचं. ही पद्धत भारतात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आली, बंगळूरच्या टॅफ्टी या संस्थेमार्फत. ग्वाटेमालाच्या लोकांना ही नवी कल्पना वाटली, याचं मला हसू येतं. दारव्ह्याला पांढऱ्या लुगड्यातली बाई पिशवी घेऊन दर मंगळवारी येतच होती की!

असो. आता वहीकडे.

२२ मार्च २०२० हा रविवार होता. जनता कर्फ्यू. त्या दिवशी उपासना झाली नाही आणि मग दोन दिवसांनी सगळंच बंद झालं. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आम्ही फोनवर साजरा केला. चाळीस मिनिटांनी आपोआप तुटणाऱ्या मीटिंगमध्ये पाळकसाहेबांचा उपदेश बरोबर मधेच तुटायचा. एक आजी म्हणाल्या, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उपदेश वेळेत संपला. :)

मोठ्यांचं चालून गेलं. मुलांचं काय? सरकारचं "शाळा बंद, पण शिक्षण आहे" सुरू झालं. व्हॉट्सअॅपवर रोज अभ्यास यायचा. कोणाच्या व्हॉट्सअॅपवर? आम्ही मोजलं तर आमच्या आणि शेजारच्या आळीतल्या एकोणीस मुलांमध्ये चार स्मार्टफोन, आणि तेही दिवसभर बापाबरोबर शेतात नाहीतर कामावर. तेव्हा तरुण संघातल्या पोरांनी प्रस्ताव मांडला. चार फोन संध्याकाळी सातला चर्चच्या पडवीत आणायचे, एका फोनभोवती चारपाच मुलं, अंतर ठेवून, आणि प्रत्येक फोनला एक मोठा मुलगा किंवा मुलगी प्रमुख. रिचार्जसाठी घरटी आठवड्याला दहा रुपये. मी हिशेब ठेवायचा आणि पैसे गोळा करायला जायचं.

बारा जणांचे गट, आठवड्याची पेनी. तेव्हा मला ब्रिस्टल आठवलंही नाही. आम्हाला वाटलं आम्हीच शोध लावला.

विरोध दोन्ही बाजूंनी झाला. आमच्यातले एक ज्येष्ठ आबाजी म्हणाले, "हे देवाचं घर हाये का मोबाइलचं दुकान?" आणि शेजारच्या आळीतली एक बाई, तिची दोन मुलं यायची होती, तिनं मला दारातच सरळ विचारलं, "पोराईले शिकवसान का प्रार्थना कराले लावसान?" प्रश्न बोचला. पण तिच्या जागी मी असतो तर मीही विचारला असता. विश्वास मागून मिळत नाही. पाळकसाहेबांनी तोडगा काढला तो असा की वर्ग पडवीतही नको, अंगणात कडुनिंबाखाली. प्रार्थनेचा एक शब्द नाही, फक्त शाळेचा अभ्यास. आबाजींचं देवाचं घर सुटलं आणि त्या बाईची धास्तीही. जुलैच्या २० तारखेपासून दूरदर्शन सह्याद्रीवर 'टिलीमिली' सुरू झालं तेव्हा त्याच बाईनं आपल्या घरचा टीव्ही सकाळी ओसरीवर आणून ठेवला आणि आमची मुलं तिच्याकडे जायला लागली. तिनं त्यांना काही म्हणायला लावलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

ते चार महिने मी दर रविवारी सकाळी वही घेऊन फिरायचो. दहा रुपयांसाठी एकेका घरी दहा मिनिटं. कोणाचं काम सुटलंय, कोणाकडे रेशनचा तांदूळ संपलाय, कोणाच्या मुलीचं शाळा सोडवून लग्न ठरतंय, सगळं दारात कळायचं. दोन लग्नं पुढे ढकलली गेली ती त्या दारातल्या गप्पांतून. त्यातल्या एका मुलीनं पुढे बारावी केली.

१६ नोव्हेंबरला प्रार्थनास्थळं उघडली. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये यवतमाळ, अमरावती, अकोला इथे पुन्हा आकडे वाढले आणि परत निर्बंध आले. वर्ग पुन्हा सुरू केला. पण या वेळी मी शहाणा झालो होतो. बहुतेक घरांत आता कोणा ना कोणाच्या फोनवर पैसे पाठवायची सोय आली होती. मी सगळ्यांना नंबर दिला आणि म्हटलं, टाकून देत जा. हजेरी गटप्रमुख मेसेजवर कळवायचे. मी घरात बसून वही भरायचो. आधीपेक्षा नीटनेटकी भरलेली आहे ती पानं, खाडाखोड नाही.

त्या पानांवर एका मुलाच्या नावापुढे मार्चपासून 'गै' आहे. गैरहजर. सलग सात वेळा. नववीतला, आदल्या वर्षी आमच्या सगळ्यात चांगल्या गटाचा प्रमुख. लहान मुलांना अपूर्णांक शिकवायला त्यानं भाकरीचे तुकडे वापरले होते, आणि शेवटी ते तुकडे कोणी खायचे यावर मारामारी झाली होती. मी सात वेळा 'गै' लिहिलं आणि एकदाही त्याच्या घरी गेलो नाही. फोन केला तो लागला नाही. त्याचं घर माझ्या घरापासून चालत सहा मिनिटांवर आहे.

तो मामाबरोबर वीटभट्टीवर गेला होता. वडिलांचं काम सुटलं होतं आणि कोणाकडून तरी उचल घेतली होती. मला हे जूनमध्ये कळलं. तोवर शाळेनं नाव पुढच्या वर्गात घातलं होतं, पण तो काही परत शाळेत गेला नाही.

हे मला माहीतच होतं. गेल्या आठवड्यात वहीत जे नव्यानं दिसलं ते दुसऱ्या बाजूच्या पानांवर आहे. त्याच सात रविवारी त्या घरापुढे दहा रुपये जमा आहेत. प्रत्येक वेळी. त्यांच्याकडे पैसे पाठवायचा फोन नव्हता, म्हणून त्याची आई शेजारणीच्या हाती रोख देऊन तिच्या फोनवरून टाकत होती. मुलगा वीटभट्टीवर, आणि त्याच्या वर्गाच्या रिचार्जचे पैसे ती भरत होती. दोन्ही नोंदी माझ्याच हाताच्या, एकाच वहीत, मधे फक्त काही कोरी पानं.

रविवारी उपासनेनंतर वही पिशवीत टाकून त्यांच्याकडे गेलो. सहा मिनिटंच लागली. ती घरी होती, चहा झाला. मी सत्तर रुपये परत करायचा वेडेपणा मनात आणला होता, तो तिथे बसल्यावर मनातच ठेवला. थोड्या वेळानं तो आला. आता चांगला बाप्या झालाय, दाढीबिढी, एमआयडीसीतल्या एका ठेकेदाराकडे माल चढवायला जातो. त्यानं वही चाळली, आपलं नाव शोधलं, 'गै' वर बोट ठेवलं आणि हसला. मग आईचं लक्ष नाही असं बघून हळूच विचारलं, "सर, दहावीचा तो सतरा नंबरचा फॉर्म मले आता भरता येते का? का वय निघून गेलं?"

मी म्हटलं वय नाही निघून जात, पण तारखा निघून जातात, त्या बघाव्या लागतील. फॉर्म आता ऑनलाइनच भरायचा असतो. शाळा सोडल्याचा दाखला लागेल, तो त्याच्याकडे नाही, शाळेत मागावा लागेल. सोमवारी मी शाळेत जाऊन आलो. बाबू रजेवर होते. गुरुवारी परत बोलावलंय.